मजुरांच्या घरातला बालमृत्यू शेतकऱ्यांपेक्षा कमी कसा? (नेदरलँड्स, 1850–1880)

जुनी_वही:
नेदरलँड्समधल्या एका ग्रामीण नगरपालिकेतल्या जन्म आणि मृत्यूच्या नोंदी जोडून पहिल्या वर्षातल्या बालमृत्यूचा दर काढतो आहे. वडिलांचा व्यवसाय जन्मनोंदीतून घेतला, त्याला हिस्कोचे (जुन्या व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे) संकेत दिले आणि त्यावरून हिस्क्लासचे (व्यवसायावरून ठरणारे सामाजिक) वर्ग पाडले. जोडणी मुलाचं नाव आणि आईवडिलांची नावं यांवरून केली. ज्यांची मृत्युनोंद सापडली नाही ती मुलं जगली असं धरलं. आता मजुरांचा दर शेतकऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसतो. चूक कुठे असेल?

लोकगणक:
"सापडली नाही म्हणजे जगलं" इथेच मोठी गफलत आहे. मजूर कुटुंबं कामाच्या शोधात सारखी गाव बदलत. मूल शेजारच्या गावात गेलं तर त्याची मृत्युनोंद त्या गावच्या वहीत होते आणि तुमच्याकडे ते जिवंतच राहतं. समजा, 200 जन्म आहेत आणि 30 मृत्यू सापडले, म्हणजे हजारी 150. त्यातली 40 मुलं जन्मानंतर लगेच आईबापांबरोबर गेली असतील तर 30 भागिले 160, म्हणजे हजारी सुमारे 188. शेतकरी जमिनीला बांधलेला, त्यामुळे त्याचा दर फारसा हलत नाही. सगळ्यात गरीब घरांतली मेलेली मुलं अशी हिशेबातून गळतात.

1850 पासूनच्या लोकसंख्या नोंदवहीत कुटुंब गावात कधी आलं, कधी गेलं याच्या तारखा मिळतात. मूल त्या तारखेपर्यंतच निरीक्षणाखाली धरा. मात्र गेल्याची नोंद बऱ्याचदा उशिरा व्हायची. त्यामुळे धाकट्या भावंडाचा जन्म, आईचा किंवा बापाचा मृत्यू असा दुसरा पुरावा जोडीला घ्या. मुलाचा स्वतःचा मृत्यू हा गावातल्या हजेरीचा पुरावा धरू नका. तसं केलंत की मेलेलं मूल आपोआप हिशेबात येतं, जगलेलं वगळलं जातं आणि दर उगाच फुगतो.

जोडणीत आणखी एक घोळ: मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची पद्धत सर्रास होती. एकाच घरात यान नावाची तीन मुलं असू शकतात. मृत्युनोंदीतलं वय मोजून मागे जा: वय आठवड्यांत असेल तर आठ-दहा दिवसांची सूट, महिन्यांत असेल तर एका महिन्याची. आईचं माहेरचं आडनाव प्रत्येक नोंदीत असतं, तीच जोडणीची सगळ्यात भरवशाची कडी.

पाळणाघर:
"लेव्हेनलोस" (निर्जीव) नोंदी तपासल्या का? जन्म तीन दिवसांत नोंदवायचा असे. त्याआधीच मूल गेलं आणि अधिकाऱ्यापुढे मृतच आणलं, तर ते जिवंत जन्मलं होतं का हे न लिहिता "निर्जीव" म्हणून नोंदवत, तेही फक्त मृत्यूच्या वहीत. जन्माच्या वहीत ते नसतंच आणि त्याला नावही नसतं. त्यामुळे नावावर चालणारी तुमची जोडणी त्याला गाठूच शकत नाही.

दोन हिशेब करा: एकदा ही सगळी मुलं मृतजात धरून, एकदा सगळी जिवंत जन्मलेली धरून (तेव्हा ती जन्मांतही मिळवा, मृत्यूंतही). खरा दर या दोघांच्या मध्ये असतो. वर्गांचा क्रम दोन्हीकडे सारखाच राहिला तर तेवढी शंका मिटली. मृत्युनोंदीत मरणाचं कारण नसतं, त्यामुळे त्यावरून उलगडा होणार नाही.

दूधमोजणी:
वरचं सगळं करा, पण निकाल अनपेक्षित आहे म्हणून तो चुकीचाच असेल असं धरू नका. 19व्या शतकात कितीतरी ठिकाणी वर्गापेक्षा मुलाला अंगावर पाजतात की नाही यानेच जास्त फरक पडायचा. झेलांड प्रांतात शतकाच्या मध्यावर बालमृत्यू फार मोठा होता. लवकर सुरू केलेलं वरचं अन्न आणि मचूळ पाणी ही त्याची कारणं सांगितली जातात.

पाजण्याची नोंद कुठेच नसते, ती दोन जन्मांमधल्या अंतरांवरून ओळखायची. मूल पहिल्याच महिन्यात गेलं तर पुढचा जन्म किती महिन्यांनी झाला आणि ते वर्षभर जगलं तर किती, हे प्रत्येक वर्गासाठी काढा. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस राहायला वेळ लागतो, म्हणून अशा घरांत या दोन आकड्यांत कित्येक महिन्यांचा फरक पडतो. वरचं दूध असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. शेतकऱ्यांकडे फरक छोटा आणि मजुरांकडे मोठा निघाला, तर तुमच्या निकालात तथ्य असू शकेल. मृत्यू महिन्यांनुसारही मांडा. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांचाच आकडा वर उसळला तर संशय उन्हाळ्यातल्या जुलाबांवर.

जुनी_वही:
धन्यवाद. गावात राहण्याच्या तारखा लावून पुन्हा चालवतो. एक शंका: नुसतं "आर्बेइडर" (मजूर) लिहिलेले पुष्कळ आहेत. त्यांना हिस्कोचा 99910 दिला, म्हणजे ते हिस्क्लासच्या वर्ग 11 मध्ये (अकुशल कामगार) गेले.

लोकगणक:
खेड्यात तो बहुतेक शेतमजूरच, म्हणजे वर्ग 12. 11 आणि 12 वेगळे ठेवू नका, एकत्र करा. उलट शेतकऱ्यांचा वर्ग 8 फोडायला हवा, कारण दोन गायींवाला आणि मोठ्या जमिनीचा मालक दोघेही त्यातच बसतात. त्या वर्गात मासेमारही येतात, ते आधी बाजूला काढा. जमीन किती होती हे जन्मनोंदीत मिळणार नाही. भू-कराच्या नोंदींशी नाव जोडा, आणि ते जमत नसेल तर निदान लग्नाच्या नोंदीवर सही केली की "लिहिता येत नाही" असं सांगितलं, एवढं तरी प्रत्येक जोडप्यासाठी टिपून ठेवा.