पीडीएफ केली, पण मूळ फॉन्टचं काय?
‘जुन्या फायली पीडीएफ करून अभिलेखागाराकडे दिल्या की काम झालं’ असं म्हटलं जातं, पण ते मत मला अर्धंच पटतं. स्कॅन केलेल्या कागदांपुरतं ते ठीक आहे. पण मुळात संगणकावरच टाइप झालेल्या मराठी फायलींचं काय? युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरावीक संकेत देणारी पद्धत) रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे फॉन्ट चालायचे. त्यांत देवनागरी अक्षरांच्या जागी भलतेच संकेत साठवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसला तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. आणि अशा फायलीची पीडीएफ डोळ्यांना नीट दिसली, तरी तिच्यात मराठी शब्द शोधून सापडत नाही.

एका कार्यालयात भूसंपादनाच्या टिपण्या अशाच अडकल्या होत्या. निवृत्त टंकलेखकाला फोन केला, तेव्हा फॉन्टचं नाव कळलं. ते आठवलं नसतं तर? 1993 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम संगणकावर तयार झालेल्या सामग्रीलाही अभिलेखच मानतो. म्हणून हस्तांतरणाच्या यादीत फॉन्टचं नाव आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिच्यावरून काढलेला संकेतांक) हे रकाने हवेतच. सोबत मूळ फाइल आणि युनिकोड प्रत, दोन्ही द्याव्यात. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा ती प्रत कुणीतरी मुळाशी ताडून वाचायलाच हवी.