चिऱ्याच्या भिंतीत डंख नसलेल्या मधमाश्या: गिलावा करण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न (गोव्यातील वाळपई परिसरातून)
आमच्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत, खिडकीच्या चौकटीलगत, डंख नसलेल्या बारीक मधमाश्या कित्येक वर्षांपासून राहतात. काळपट राळेची छोटी नळी तेवढी बाहेर दिसते. आता तिथे गिलावा करायचा आहे. गवंडी भोक बुजवू म्हणतो. आई मात्र त्यांचे दार बंद करू देत नाही. माश्या राखून काम होईल का? थोडा मधही मिळेल का?

उत्तर (सत्तरीतील बागायतदार)
आईंचे ऐका. या माशीची अंडी घालणारी राणी पोट फुगल्यामुळे उडू शकत नाही. त्यामुळे सातेरी या डंख असलेल्या मधमाशीप्रमाणे सगळे घर उठून दुसरीकडे जाईल, असे इथे होत नाही आणि भोक बुजवले की वसाहत आतच संपते. नळीभोवती वीतभर जागा सोडून गिलावा करावा. तेवढा भाग शेवटी, संध्याकाळी माश्या परतल्यावर हाताने लिंपावा आणि नळीचे तोंड सकाळी मोकळे असल्याची खात्री करावी.

उत्तर (काणकोणहून)
मधासाठी भिंत फोडू नये. हा मध पोळ्यात नसतो. मेण आणि राळ मिसळून केलेल्या, वाटाण्याएवढ्या कुड्यांत, म्हणजे इवल्या मडक्यांत असतो. परागाच्या कुड्या आणि अंड्या-पिल्लांचा झुबका वेगळा असतो. जाणती माणसे फुलोरा संपता संपता, पावसाच्या आधी, मधाच्या थोड्याच कुड्या काढतात आणि परागाला हात लावत नाहीत, कारण फुटलेल्या परागाच्या कुड्यांच्या वासाने दुसऱ्याच बारीक माश्या (मधमाश्या नव्हेत) येऊन आत अंडी घालतात व कमकुवत वसाहत त्यातून सावरत नाही. सगळे घर पिळून मध काढणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. या मधात पाण्याचा अंश जास्त असल्याने तो आंबट, पातळ असतो आणि लवकर आंबतो. खोकल्यावर तो घ्यायची रीत आहे, पण वर्षाच्या आतील बाळाला कोणताच मध देऊ नये.

उत्तर (सांग्याहून)
मध हवाच असेल तर केरळात करतात तसे करून पाहता येईल: भिंतीतील नळीला दुसरी नळी जोडून तिचे टोक लाकडी पेटीत किंवा मडक्यात सोडायचे. माश्या त्यातून ये-जा करू लागतात आणि काही महिन्यांत पेटीतही घर वाढवतात. जुने घर तसेच राहते. मात्र ही माशी घरापासून काही शे मीटरच्या परिघातच चरते. तेव्हा कुळागरात (घराजवळच्या पोफळी-माडांच्या बागेत), विशेषतः पोफळी आणि माड फुलावर असताना, कीटकनाशकाची फवारणी करू नये आणि माश्यांना घर करता येईल असे पोकळ खोडाचे जुने झाड केवळ वाळले म्हणून तोडू नये.