मदत हवी आहे : कीडाजडीचा पैसा नेमका कुणाकडे जातो?

नमस्कार मंडळी. उत्तराखंडच्या पिठोरागड जिल्ह्यातल्या धारचुला-मुनस्यारी भागातल्या कीडाजडीच्या व्यापारावर अभ्यास करतेय. नेपाळात हिलाच यार्सागुंबा म्हणतात. अळीच्या अंगातून उगवणारी बुरशी, साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर. मे-जूनमध्ये बर्फ वितळलं की गावंच्या गावं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्कामाला जातात. कित्येक घरांचा वर्षाचा खर्च त्यावर चालतो. चीनच्या बाजारात किलोला लाखो रुपये, पण उंचावर थंडीत रांगत ती शोधणाऱ्याच्या हाती किती पडतात? शिवाय २०२० पासून ती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

तिथल्या वनपंचायतींसोबत (गावचं जंगल सांभाळणाऱ्या स्थानिक समित्या) कुणी काम केलंय का? रीतसर परवान्याने विकलेला माल आणि दलालाला दिलेला माल, भावात किती फरक पडतो? ओळख, कागदपत्रं, काहीही चालेल.