लाल शालू आणि हिरवा चुडा एकाच राखाडीत का जातात

फोटो कृष्णधवल केले की नवरीचा लाल शालू आणि हिरवा चुडा सारखेच दिसतात, अशी तक्रार आली आहे. दोष डिसॅच्युरेटचा. फोटोशॉपमधली रंग काढून टाकणारी ही कमांड प्रत्येक ठिपक्याच्या लाल-हिरवा-निळा (प्रत्येकी ० ते २५५) यांतल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याची सरासरी काढते, म्हणून भडक लाल आणि भडक हिरवा दोन्ही १२८च्या आसपास येऊन बसतात. आपल्या डोळ्याला तर हिरवा कितीतरी उजळ वाटतो. ती कमांड सोडाच. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्स उघडा, आणि तिथे प्रत्येक रंगाच्या स्लायडरने तो रंग राखाडीत किती उजळ किंवा गडद दिसावा ते स्वतः लावा.

गेल्या मे महिन्यात इथे सोलापुरात हळदीचे फोटो केले. पहिल्या फेरीत नवरीच्या गालावरची हळद गायबच! पिवळा उजळ, त्वचाही उजळ. यलो खाली ओढला, ऑरेंज जरासा वर घेतला, आणि आत्याबाईंच्या चार बोटांचे ओढलेले पट्टे गालावर स्पष्ट उमटले. मांडव पांढऱ्या कापडाचा होता म्हणून जमलं; पिवळ्या कापडाखाली चेहराच पिवळा पडतो, मग काय वेगळं करणार?

स्लायडर टोकाला नेऊ नका, जेपेगमध्ये लगेच दाणे दिसतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर तीच घ्या.

आणि कृपा करून सगळा अल्बम कृष्णधवल करू नका. अंतरपाट, पाठवणी, हातांचे फोटो करा. शालूचे रंगीतच द्या, नवरीच्या आईने तो चार दुकानं फिरून निवडलेला असतो.