मुलगी पाच वर्षांची झाली की ताबा वडिलांकडे येतो का?

आडवाट:
घटस्फोटाचा दावा नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. बायको लेकीला घेऊन माहेरी, सोलापूरला. लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. काका म्हणतात, "पाच पूर्ण झाली ना, आता कायद्याने बापाकडेच. टाक अर्ज." समुपदेशकांपुढे बायकोने लिहून दिलंय, "वडिलांना सोयीनुसार भेटू देईन." माझी शिफ्टची नोकरी, आई गुडघ्यांनी बेजार. तरी लेक हवी आहे. अर्ज टाकू का?

काळाकोट:
काकांना अर्धाच कायदा पाठ आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, एवढंच १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं कलम ६ सांगतं. पाचव्या वाढदिवसानंतर ते वडिलांकडे जातं असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि कलम १३ सगळ्यांवर भारी: मुलाचं हित सर्वोच्च.

प्रत्यक्षात विचारतात काय? शाळेतून कोण आणतं, ताप आला की रजा कोण काढतं, तुमच्या रात्रपाळीत पोरगी कोणाजवळ झोपणार. आईंचे गुडघे उलटतपासणीत निघणारच.

तरी अर्ज करायचाच असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली चालू दाव्यातच करा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा टाकलात तर मुलगी राहते तिथे, म्हणजे सोलापूरला फेऱ्या.

माझं मत विचाराल तर ताब्यापेक्षा भेटीच्या आदेशावर जोर लावा. "सोयीनुसार भेटू देईन" यावर सही करू नका. उद्या भेट नाकारली तर नेमकं काय मोडलं म्हणून कोर्टाला दाखवणार?

चारचौघी:
काळाकोट बरोबर बोलताहेत. मी पलीकडच्या बाजूची, मुलगा माझ्याकडे असतो. आमच्या आदेशात "दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे" असं होतं. पहिली अर्धी की दुसरी? लक्ष्मीपूजन कोणाकडे? दर वर्षी वकिलांच्या नोटिसा! शेवटी बसून लिहून काढलं: सम वर्षी पहिला भाग, विषम वर्षी दुसरा. नेणं-आणणं कोणी, तिकीट कोणाचं, शाळेच्या गॅदरिंगला दोघांनी यायचं की नाही, सगळं. तेव्हापासून भांडायला विषयच उरला नाही (तसे बाकीचे पुष्कळ आहेत).

आणि दादा, "आईला सांग पैसे पाठवलेत" असले निरोप लेकीबरोबर धाडू नका.

आडवाट:
ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण नाशिक-सोलापूर दर आठवड्याला कसं जमणार? आणि आत्ता भेटीवर तडजोड केली तर ताबा कायमचा गेला ना?

काळाकोट:
कायमचा नाही. ताब्याचे आदेश मुळातच अंतिम नसतात, परिस्थिती पालटली की बदलून मागता येतात. रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९७३ मध्येच सांगितलंय. मात्र लेक एका घरात, एका शाळेत रुळली की तिला हलवायला न्यायाधीश सहसा तयार होत नाहीत. म्हणून अंतरिम भेटीचा अर्ज आत्ताच करा, निकालाची वाट बघू नका.

अंतराचं म्हणाल तर महिन्यातून दोन शनिवार-रविवार, उन्हाळ्याच्या सुट्टीचा ठरलेला भाग आणि ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल मागा. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पुढच्या तारखेला शिफ्टचा तक्ता घेऊन जा आणि रात्रपाळीचे आठवडे वगळून तारखा लिहून द्या.