शब्दचर्चा : ‘नत्र-पालाश विरोध’ म्हणावं का?

भातखाचर (खानापूर)
भात आणि मक्याच्या खतांवरचं एक कन्नड पत्रक मराठीत आणायचं आहे. सारजनकाच्या (म्हणजे नत्राच्या) प्रकाराप्रमाणे मुळं पोटॅश (पालाश) कमीजास्त घेतात, हा त्यातला मुख्य मुद्दा. मी ‘नत्र-पालाश विरोध’ असा शब्द केलाय. चालेल का? आणि मुळांच्या घेण्याला शोषण म्हणू की उचल?

काळीरान (अथणी)
विरोध नको. वाचणारा सरळ अर्थ लावेल की युरिया टाकला की पोटॅश वाया. नुसतं ‘नत्र’ लिहिणंही इथं अपुरं आहे, अमोनियम की नायट्रेट, ते रूप सांगायला पाहिजे.

अमोनियम आणि पोटॅशियम दोन्ही धनभारित, आकारानंही जवळजवळ सारखे. मातीच्या पाण्यात पोटॅशियम फार कमी असतं (साधारण 0.2 मिलिमोलरच्या खाली; मिलिमोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप), तेव्हा मुळं ते एका खास वाहकानं, म्हणजे आत नेणाऱ्या प्रथिनानं, खेचून घेतात. अमोनियम दाबतं ते नेमकं या वाहकाला. पोटॅशियम 1 मिलिमोलरच्या वर गेलं की दुसरी वाट चालू होते आणि तिला अमोनियमचा फारसा त्रास नसतो. म्हणजे खरी अडचण पोटॅश कमी असलेल्या रानात.

नायट्रेटचं उलटं. तो ऋणभारित, त्यामुळं खोडातून वर चढताना पोटॅशियमला जोडीला घेतो. पानात नायट्रेट वापरला गेला की मॅलेटसारखी सेंद्रिय आम्लं तयार होतात, त्यांच्यासोबत थोडं पोटॅशियम पुन्हा मुळाकडं उतरतं आणि नव्या नायट्रेटबरोबर परत वर. याला विरोध कसं म्हणणार?

लालमाती
मग ‘स्पर्धा’ घ्या की. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

काळीरान (अथणी)
अर्धाच बसतो. अमोनियम आत शिरताना पेशीच्या आतला ऋणभार उतरतो, म्हणून पोटॅशियमला आत ओढणारा जोरच कमी होतो. ही जागेसाठीची स्पर्धा नव्हे. शिवाय पोटॅश पुरेसा असला तर अमोनियमचा जाच कमी होतो. मी ‘अटकाव’ लिहीन : ‘अमोनियमचा पोटॅशियम-शोषणाला अटकाव’. कुणाचा, कशाला, दोन्ही कळतं.

चिखलणी
अटकाव पटला, पण तो मुळाच्या दाराशी. मातीत वेगळंच चालतं आणि पत्रकात त्याची सरमिसळ होऊ देऊ नका. पाणी भरलेल्या खाचरात अमोनियम, लोह आणि मँगनीज मातीच्या कणांवरून पोटॅशियमला ढकलून पाण्यात आणतात. तिथं शब्द ‘विस्थापन’. क्षणभर पिकाचा फायदाच, पण खानापूरकडच्या हलक्या तांबड्या जमिनीत पावसानं ते खाली निघून जातं. म्हणून अशा रानात पोटॅश एकदम न देता अर्धा चिखलणीला, अर्धा लोंबी गर्भात धरताना द्यायचा.

काही चिकणमातींत अमोनियम आणि पोटॅशियम दोन्ही कणांच्या थरांमधल्या फटीत अडकतात. ते ‘स्थिरीकरण’. फटीच्या तोंडाशी अमोनियम बसला तर आतला पोटॅशियम लवकर सुटत नाही. तीन जागा, तीन शब्द. ‘विरोध’ या एका पोत्यात तिन्ही भरू नयेत.

भातखाचर (खानापूर)
आणि युरिया कुठल्या गटात धरायचा? पत्रकात तो वेगळा दिलाय.

चिखलणी
पोत्यात असताना त्यातला नत्र अमाइड रूपात, मातीत काही दिवसांत अमोनियम. हवा खेळणाऱ्या उबदार रानात पुढं दोन-तीन आठवड्यांत बराचसा नायट्रेट होतो. निमकोटेड असल्यास सावकाश. थंड, आम्ल किंवा पाणथळ जागी हे रूपांतर रेंगाळतं. मक्याच्या ओळीत रोपांजवळ अमोनियम सल्फेटचा जाड पट्टा पडला आणि पोटॅश कमी असला, तर मुळं आखूड, तपकिरी होतात आणि दोष मात्र बियाण्यावर जातो.

पण म्हणून भाताच्या साचलेल्या पाण्यात नायट्रेटची खतं टाका असं लिहू नका. तिथं नायट्रेट वायू होऊन उडतो. कॅनमधला (कॅल्शियम अमोनियम नायट्रेट) निम्मा नत्र असाच जाईल.

काळीरान (अथणी)
शोषण की उचल, ते राहिलं. मुळाशी घडणारी क्रिया म्हणजे शोषण. कापणीपर्यंत पिकानं हेक्टरी किती किलो नेलं, ती उचल. ‘ग्रहण’ वाचून लोक पंचांग काढतील.

अजून एक. मात्रेत ‘पालाश’ लिहा, मुळाच्या वाक्यात ‘पोटॅशियम’. पालाशाचा आकडा ऑक्साइडचा असतो : म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोंच्या पोत्यात 60 टक्क्यांनी 30 किलो पालाश, 0.83 नं गुणलं की मूलद्रव्य जेमतेम 25 किलो. उचलीचे आकडे कधी एकात, कधी दुसऱ्यात दिलेले असतात. ते न बघता मात्रा काढली की हिशेब चुकलाच.

लालमाती
बरं, अटकाव मान्य. लक्षणांच्या चौकटीत मात्र ‘पान पिवळं’ एवढ्यावर सोडू नका. मक्याच्या जुन्या पानाच्या मधल्या शिरेवरून टोकाकडून आत उलट्या व्ही आकारात पिवळेपणा आला तर नत्र कमी. कडा करपत आत आल्या तर पोटॅश.