काउंटरवरच्या डब्याचं झाकण: पिनची बिजागरी की प्लास्टिकची घडी?

रंधा: ओळखीच्या ताईंच्या मुखवासाच्या दुकानासाठी डबे करतोय. झाकण दिवसातून पन्नासदा उघडणार. माझं मत: डबा-झाकण एकसंध पॉलीप्रॉपिलीनचं, मधे पातळ घडी. शाम्पूच्या बाटलीला असते तशी. पिन नाही, गंज नाही, जोडणी नाही. भागीदार स्टीलच्या बिजागरीवर अडून बसलाय.

जुना टर्नर: भागीदाराचं ऐका. शाम्पूची बाटली दोन महिन्यांत कचऱ्यात जाते, तिचा दाखला कशाला? पिन झिजली की झाकण खडखडतं, आपण नवी पिन ठोकतो. घडी मात्र आतून थकते आणि एक दिवस गिऱ्हाईकासमोर झाकण हातात येतं. झीज दिसते हो, थकवा दिसत नाही.

रंधा: पाच वर्षांच्या हिशेबाने ९१,२५० वेळा. चांगल्या साच्यातली घडी लाखो वेळा उघडझाप सहन करते. साच्यातून निघाल्यावर गरम असतानाच दोन-चारदा दुमडायची, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या आतल्या साखळ्या घडीला आडव्या ताणून बसतात. हां, थ्रीडी प्रिंटरवरचा नमुना तिसऱ्यांदा उघडताना तुटला, तो भाग वेगळा.

पाटेवाला: वेगळा कसा? कशाचा होता, किती जाड?

रंधा: पीएलए, थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक. १ मिमी. मजबूत व्हावा म्हणून जाड ठेवला.

पाटेवाला: तिथेच घोटाळा. ट्रकच्या स्प्रिंगला एक जाडजूड पाटा न घालता पातळ पाट्यांची चवड का घालतात? वाकताना बाहेरची कड ताणली जाते, आणि जाडी वाढली की ताणही वाढतो. १ मिमीची पट्टी २ मिमी त्रिज्येवर वाकवा, कड २५ टक्के ताणली जाते. ०.३ मिमी घ्या, साडेसात. पीएलए साधारण पाच टक्क्यांतच मोडतं, त्याला पातळ करूनही उपयोग नाही. आणि घडीच्या टोकाला धारदार कोपरा नको. पाटाही बहुतेकदा मधल्या बोल्टच्या भोकाशी नाहीतर गंजाच्या खड्ड्याशीच तुटतो.

जुना टर्नर: बरं, पीपी (पॉलीप्रॉपिलीन) आणि पातळ. दुकानाच्या दारात ऊन येतं का? साधं पीपी उन्हात ठिसूळ होतं. आणि डबे किती?

रंधा: ऊन नाही. डबे साठ.

जुना टर्नर: साठ डब्यांसाठी साचा! ताईंना हिशेब दाखवलात का?

रंधा: साचा नकोच. पीपीच्या शीटवर गरम पट्टीने घडी मारायची, ऑफिसच्या फायलींना असते तशी.

जुना टर्नर: तशी एक फाईल माझ्याकडे सहा वर्षं आहे, हे कबूल. पण तिला दिवसातून पन्नासदा कोण उघडतंय? आधी एक डबा करा, घरातल्या पोरांच्या हाती द्या.